बावीस गेम आणि एक लाल रंग

एखाद्या जुन्या कन्सोलवर, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रावर, निघालेल्या प्रत्येक गेमसाठी एक चित्र काढायचे असे मी ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न कन्सोल कोणता घ्यायचा हाच होता. ज्या यंत्रांवर शेकडो गेम निघाले त्यांपैकी एखादे निवडले असते, तर यादी अर्ध्यावर येण्याआधीच काम सुटले असते. मला प्रत्येक गेम खेळून, समजून घेऊन मगच त्याचे चित्र काढायचे होते. म्हणून मी निन्टेंडो या जपानी कंपनीच्या, डोळे टेकवून आत पाहायच्या व्हर्च्युअल बॉय या कन्सोलकडे वळलो. हे यंत्र २१ जुलै १९९५ रोजी जपानमध्ये विक्रीला आले आणि वर्ष संपण्यापूर्वीच तेथे त्याचे गेम निघणे थांबले. उत्तर अमेरिकेत ते मार्च १९९६ पर्यंत कसेबसे तगले. जपानमध्ये १९ आणि अमेरिकेत १४ गेम निघाले, त्यांतले ११ दोन्हीकडे सारखेच होते, म्हणून एकूण संख्या २२ भरते. हातात धरून खेळायच्या गेम बॉय या यंत्राचे जनक गुनपेई योकोई यांनी घडवलेल्या या यंत्राची आठवण बहुतेक वेळा अपयश म्हणूनच काढली जाते. मला मात्र त्यातली चित्रे फार पूर्वीपासून आवडत आली आहेत आणि त्यांच्याकडे कोणीतरी चित्रकाराच्या नजरेने नीट पाहावे असे मनापासून वाटत होते.

या यंत्रात नेहमीसारखा पडदा नाही. प्रत्येक डोळ्यासमोर २२४ लाल एलईडींची एक उभी ओळ असते आणि वेगाने हलणारा आरसा त्या ओळीला आडवे पसरवून ३८४ बाय २२४ बिंदूंचे चित्र उभे करतो. काळा आणि लाल रंगाच्या तीन छटा, एवढेच भांडवल. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसत असल्याने त्यांतून खोलपणाचा, म्हणजे जवळ-दूरचा, भास निर्माण होतो. मी हेच नियम स्वतःसाठी घेतले: कॅनव्हास ३८४ बाय २२४ पिक्सेलचा, छटा चार, आणि प्रत्येक गेमसाठी डाव्या व उजव्या डोळ्याची अशी दोन चित्रे शेजारीशेजारी.

रेखाटनाला हे नियम लावल्यावर माझ्या पहिल्या सवयीला धक्का बसला. मी एरवी पांढऱ्या कागदावर सावली काढतो. येथे पार्श्वभूमीच काळी होती आणि मला उजेड काढायचा होता. सर्वांत तेजस्वी लाल छटा मी सुरुवातीला सढळ हाताने वापरत असे, त्यामुळे सगळे चित्र एकाच पातळीवर ओरडू लागे. पुढे मी ती छटा फक्त एका जागेसाठी, एखादा डोळा, चेंडू किंवा शस्त्राचे टोक यांसाठी राखून ठेवू लागलो आणि मधली छटा आकाराला, गडद छटा काठांना देऊ लागलो.

खोलीचे तंत्र हाताशी यायला त्याहून अधिक वेळ लागला. चित्र थरांमध्ये काढून जो थर जवळ आणायचा तो डाव्या डोळ्याच्या चित्रात उजवीकडे आणि उजव्या डोळ्याच्या चित्रात डावीकडे काही पिक्सेल सरकवायचा, एवढे तत्त्व सोपे आहे. अडचण चौकटीच्या कडेशी येते. ‘टेलेरोबॉक्सर’ हा यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धाचा गेम आहे आणि त्याच्या चित्रात मी प्रतिस्पर्ध्याची मूठ पाहणाऱ्याच्या तोंडावर येईल इतकी पुढे आणली होती, पण तिचे मनगट चौकटीच्या कडेला कापले जात होते. जी वस्तू चौकटीच्या पुढे आहे असे डोळा मानतो, तीच चौकटीने झाकलेली दिसली की दोन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडतात आणि खोली ढासळते. हे लक्षात आल्यावर तोवर झालेली चारही चित्रे मी बाजूला ठेवली आणि नव्याने काढली. त्यानंतर पुढे येणारी प्रत्येक वस्तू चौकटीच्या आत पुरती मावेल, आणि कडेला स्पर्श करणारे सर्व काही मागेच राहील, हा नियम मी मोडला नाही.

‘रेड अलार्म’ने मला सर्वांत अधिक शिकवले. या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये सगळे जग तारांच्या सांगाड्यासारखे आहे आणि भिंतींच्या आरपार मागच्या रेषा दिसतात, म्हणून सपाट छायाचित्रात तो रेषांचा निव्वळ गुंता वाटतो. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की तोच गुंता सुटून बोगदा होतो. मी येथे एकही आकार भरला नाही. दूरच्या रेषा गडद, जवळच्या उजळ, आणि प्रत्येक रेषेचे सरकणे वेगळे मोजलेले, अशा रीतीने ते चित्र पुरे व्हायला तीन आठवडे लागले. जागा रिकामी सोडण्याचे तेच धैर्य मला ‘इन्समाउस नो याकाता’च्या भुलभुलैयात उपयोगी पडले, कारण तेथे चित्राचा बराचसा भाग मी पूर्ण काळा सोडला आणि दाराच्या फटीएवढाच उजेड ठेवला.

खेळांवरचे गेम मी टाळत होतो, हे मान्य करायला हवे. गोल्फ, बेसबॉल आणि दोन वेगवेगळे बोलिंग यांत चित्रासाठी धरावे असे पात्र क्वचितच सापडते. शेवटी मी प्रत्येकात माझी नजर जेथे सर्वांत जास्त वेळ खिळून राहिली ती एकच जागा काढली. बोलिंगमध्ये ती पिनांच्या रांगांमधली काळी पोकळी होती. ‘मारिओज टेनिस’मध्ये पात्रे भरपूर होती, पण मी मारिओला न घेता डाँकी काँग ज्युनियरला काढले. ‘व्हर्च्युअल फिशिंग’मध्ये लाल पाण्याखालचा मासा काढताना मला जो आनंद मिळाला तो प्रसिद्ध पात्रे काढताना मिळाला नाही. ‘व्हर्च्युअल लॅब’ हा गेम लोकांना बहुधा वेष्टनावर निन्टेंडोचे नाव चुकीचे छापले गेल्यामुळेच आठवतो. मी मुद्दाम त्यातल्या किड्यांसारख्या वळवळणाऱ्या तुकड्यांचे चित्र केले, कारण आठवण गेमची राहावी असे मला वाटले.

डोळ्यांवर ताण मात्र खराच येत असे. या यंत्रात ठरावीक वेळाने गेम आपोआप थांबवून खेळणाऱ्याला विश्रांती देण्याची सोय होती. मीही दर पंधरा मिनिटांनी घड्याळ लावून खिडकीबाहेर दूरवर पाहत बसू लागलो. परतल्यावर थर किती सरकवायचा याचा अंदाज हमखास अधिक नेमका येई.

शेवटचे चित्र ‘३डी टेट्रिस’चे होते, कारण तोच या यंत्रावर अधिकृतपणे निघालेला शेवटचा गेम होय. खोल चौकोनी विहिरीत ठोकळे पडतात आणि वरून खाली पाहायचे असते. मी विहिरीचा तळ सर्वांत गडद लाल ठेवला आणि एकच ठोकळा, अजून तळाला न टेकलेला, काठाच्या किंचित पुढे आणला. चौकटीला तो कोठेही शिवत नाही ना, हे मी दोन्ही चित्रांत पिक्सेल मोजून पाहिले आणि फाइल जतन केली.