एनएफएसला कर्बेरॉस लावताना

आमच्या विभागात सगळ्यांच्या होम डिरेक्टरी (वैयक्तिक फोल्डर) एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटून देणाऱ्या प्रोटोकॉलच्या, तिसऱ्या आवृत्तीवर वर्षानुवर्षं सुरळीत चालल्या होत्या. पण सुरक्षेच्या नावानं तिथे काय होतं? क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याचं मशीन, आपला वापरकर्ता-क्रमांक सांगणार, "मी यूआयडी 1004", आणि सर्व्हर ते खरं मानणार. स्वतःच्या मशीनवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असलेला कुणीही तोच आकडा लावून दुसऱ्याच्या फायली उघडू शकत होता. विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या डिस्कवर होते. मला हे खटकत होतं, म्हणून एनएफएसला कर्बेरॉस, म्हणजे तिकिटांवरून ओळख पटवणारी व्यवस्था, लावायचं काम मी मागून घेतलं.

"चौथ्या आवृत्तीवर गेलं की कर्बेरॉस आपोआप मिळतं" असं बरेच जण सांगतात. तसं नाही. आरपीसीसेक-जीएसएस, म्हणजे एनएफएसच्या विनंत्यांना अशी सुरक्षा जोडणारा थर, 1997 मध्ये आलं आणि त्याच्या आधारे दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीवरही कर्बेरॉस चालतं. 2003 च्या आरएफसी 3530 या मानक-दस्तऐवजानं चौथ्या आवृत्तीत ही सोय देणं बंधनकारक केलं, वापरणं नव्हे. एक्सपोर्टमध्ये, म्हणजे सर्व्हर फोल्डर वाटून देतो त्या सेटिंगमध्ये, 'सेक=सिस' (जुनी पद्धत) राहिलं, तर आवृत्ती 4.2 देखील यूआयडीवरच विसंबते.

मग तिसरीवरच का थांबलो नाही? तिथे माउंट (फोल्डर जोडणं) आणि लॉकिंगचे (फाइल राखून ठेवण्याचे) प्रोटोकॉल वेगळे आहेत. लिनक्सवर फायलींची वाचालिखी कर्बेरॉसखाली गेली, तरी लॉकच्या विनंत्या जुन्याच पद्धतीनं जातात. चौथीत सगळं 2049 या एकाच पोर्टवरून जातं, फायरवॉलही सोपी होते.

सर्व्हरचं प्रिन्सिपल (कर्बेरॉसमधलं नाव) बनवलं, त्याची कीटॅब (किल्ल्यांची फाइल) सर्व्हरवर टाकली, क्लायंटवर जीएसएसडी (एनएफएससाठी तिकिटं हाताळणारा प्रोग्राम) सुरू केलं. माउंट करताच 'अ‍ॅक्सेस डिनाइड बाय सर्व्हर'. या संदेशातून काहीच कळत नाही. जीएसएसडी फोरग्राउंडमध्ये, सगळा तपशील छापत चालवलं, तेव्हा उलगडा झाला: रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव शोधणं) सर्व्हरचं जुनं नाव देत होतं आणि तिकीट त्या नावानं मागितलं जात होतं. तसं प्रिन्सिपल केडीसीत, म्हणजे तिकिटं देणाऱ्या कर्बेरॉस सर्व्हरवर, नव्हतंच. डीएनएसमधली ती नोंद (पीटीआर) बदलल्यावर माउंट झालं. अडलात तर आधी तिथेच बघा, आणि घड्याळंही जुळवून ठेवा. पाच मिनिटांहून जास्त फरक कर्बेरॉस सहसा खपवून घेत नाही.

एका जुन्या मशीनचा कर्नल फक्त डीईएस ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत जाणत होता. 2012 च्या आरएफसी 6649 नं डीईएस मोडीत काढलं आहे. एका मशीनपायी केडीसीत कमकुवत एन्क्रिप्शन चालू करायला मी ठाम नकार दिला. ते मशीन बदललं.

होमसाठी 'केआरबी5आय' ठेवलं, म्हणजे वाटेत डेटा कुणी बदलला तर कळतं. प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरला 'केआरबी5पी'. त्यात सगळं एन्क्रिप्ट होतं, प्रोसेसरवर भार पडतो, पण तिथे तो पडू दे.

रात्रभर चालणारे जॉब मात्र अजून जपावे लागतात. तिकिटाची मुदत संपली की मध्येच 'परमिशन डिनाइड' येतं. त्यांच्यासाठी वेगळं सेवा-खातं आणि त्याची स्वतःची कीटॅब दिली आहे, तिकीट त्यातूनच पुन्हा घेतलं जातं.