कांदा निघाला, मैदान झालं

मखमलाबाद (नाशिक), मे महिन्यातला रविवार

समोरच्या मळ्यातला उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत गेला आणि वावर मोकळं झालं. मोकळं शेतकऱ्याच्या हिशेबानं. पोरांनी ते त्याच संध्याकाळी भरून टाकलं. आमच्या रो-हाऊसची, मागच्या वस्तीवरची, मळ्यातली, सालगड्याची, सगळी एकत्र. सुट्टी लागून बरेच दिवस झालेत, पण खरा खेळ सुरू झाला तो कांदा निघाल्यावर. इथल्या पोरांची सुट्टी शाळेपेक्षा शेतावर जास्त अवलंबून असते, असं माझं मत होत चाललंय.

खेळण्यांचंही तसंच. द्राक्षाचा हंगाम संपला की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. एखाद-दुसरा डोळा राखून जुन्या काड्या साफ उतरवतात, मग नव्या फुटीवर पुढच्या वर्षाचे घड धरायची तयारी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. पोरांना यातलं एवढंच कळतं की बांधावर काड्यांचा ढीग पडलाय आणि त्या वाकतात. वेल बांधायची उरलेली सुतळी लावली की धनुष्य तयार. ठिबकची जुनी नळी गोल वळवून, टोकांत काटकी खुपसून जोडली की झाला गाडा. तो काठीनं पळवत नेतात, कालव्याच्या रस्त्यापर्यंत शर्यत. माल संपल्यामुळे रिकामे पडलेले क्रेट तर सर्वगुणसंपन्न: स्टंप, सिंहासन, दंड झालेल्याचं जेल. दुकानातून आलेली एकच वस्तू आहे, प्लास्टिकचा बॉल, आणि भांडणं सगळी त्याच्यावरूनच होतात.

आज मात्र बॉल बाजूला होता. आज रामशेज होता. किल्ला इथून फार लांब नाही, पेठ रस्त्याला. बहुतेक पोरं एकदा तरी चढून आलेली. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला आणि तो पाच वर्षांहून जास्त काळ पडला नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या. खाफीखान या मोगल इतिहासकारानं लिहून ठेवलंय ते. तर शेणखताचा उकिरडा हा गड, जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे या तोफा आणि ढेकळं हे गोळे. मोगल व्हायला कोणी तयार नाही. शेवटी हात चकून ज्यांच्यावर आलं ते मोगल झाले आणि रडत रडत वेढ्याला बसले. सगळ्यात बारका कच्चं लिंबू. त्याला दोन्हीकडून लढायची मुभा. तो मजेत दोन्हीकडचे गोळे खात होता.

मळ्यातले बाबा खाटेवरून ओरडत होते, "ए पोऱ्हांनो, चाळीकडं जाऊ नका, पट्ट्या मोडतीन!" त्यांचा राग मला पटतो. या चाळीत वर्षाचा पैसा आहे. हवा खेळती राहावी म्हणून फटी ठेवून बांधलेली ती चाळ, लपायला सगळ्यात भारी जागा, आणि दर संध्याकाळी डब्बा ऐसपैसला कोणीतरी तिथेच सापडतं.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांत तेल घालून बघते, शेततळं. विहिरीला पायऱ्या असतात, काही धरायला तरी असतं. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं आणि पोहता येणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. आमच्या भागात कुंपण आहे, पण कुंपणाखालून कुत्रं जातं तिथून पोरगंही जातं. बाबांना म्हटलं, काठाला गाठी मारलेले दोर तरी सोडून ठेवा. सोडलेत. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं की तोच घोर. तेवढे दिवस आम्ही बायका आळीपाळीनं तिकडे फिरायला जातो, म्हणजे राखण करतो.

बाकी वेळ मी लक्ष घालत नाही. पडले, खरचटलं, हळद लावली, गेले. सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या तेव्हा सगळे आपणहून कावळे हाकायला आले. कावळे आलेच नाहीत, वाटीभर चीक मात्र प्रत्येकाच्या पोटात गेला. दुपारी हरसूलकडच्या बाया पळसाच्या पानात करवंदं घेऊन आल्या. मग कोंबडा की कोंबडी करत निम्मी फोडून बघण्यातच संपली.

संध्याकाळी गडावर बातमी आली: बुधवारी नांगर. बाबांना वळवाचा पाऊस यायच्या आत जमीन उन्हात तापवायची आहे. पोरांनी शनिवारपर्यंतची मुदत मागितली. बाबांनी ती नाकारली. ट्रॅक्टरवाला पुन्हा कधी मिळेल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मग मोगल आणि मराठे यांची क्रेटवर बसून एकत्र बैठक झाली. कोपऱ्यावरचा बिनशेती प्लॉट ठरला. मालक नाशिकला नसतो, जागा बरी आहे, पण बाभळीचे काटे आणि फुटक्या बाटल्या.

उद्या सकाळी सातला साफसफाई. माझ्याकडे खराटा आणि घमेलं मागायला आले होते. फुकट देणार नाही म्हटल्यावर बाजूला जाऊन कुजबुजले, आणि परत येऊन त्यांच्या म्होरक्यानं सांगितलं, "काकू, तुम्हाला लगोरीत घेऊ. पण कच्चं लिंबू म्हणून."