कार्ड गेलंय म्हणे

नाशिकच्या एमजी रोडला कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या धंद्यात असलं की "ग्राफिक कार्ड गेलंय" हे निदान सारखं कानावर येतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी करून पाठवलेलं असतं. मागच्या सीझनला पिंपळगाव बसवंतहून एक काका आणि त्यांचा बारावीतला मुलगा असंच निदान घेऊन आले. कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून पिकअपच्या पुढच्या सीटवर, मागे द्राक्षाचे रिकामे क्रेट, आणि काकांना बागेत परत जायची घाई.

तक्रार अशी की जीटीए फाईव्ह हा गेम चालू केला की थोड्या वेळात गेम गायब, डायरेक्ट डेस्कटॉप. आधी एकाने रॅम बदलली होती, दुसऱ्याने नवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गळ्यात मारला होता, मधल्या मधे विंडोज फॉरमॅट झालं होतं, आणि शेवटच्याने कार्ड गेलं सांगून नव्या कार्डाचं कोटेशन हातात दिलेलं. फॉरमॅट मारताना डॉक्युमेंट्सचा बॅकअप कुणी घेतला नाही, गेमचे सेव्ह तिथेच असतात, पोराची अर्धी स्टोरी गेली ती गेली. अरे बाबा, एक पेन ड्राईव्ह लावायचा, कॉपी मारायची, चहा येईपर्यंत होतं ते. पण नाही. काही समजलं नाही की फॉरमॅट मारायचं, हा आमच्या लाईनचा रोगच आहे.

कार्डावर लोड टाकून टेम्परेचर बघितलं, रॅम रात्रभर टेस्टला लावली, सगळं ठणठणीत. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे काय कधी बिघडलं त्याची विंडोजची नोंदवही. हे विंडोजमध्ये फुकट मिळतं, तरी ते उघडायचा लोकांना इतका कंटाळा का येतो देव जाणे.

व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर नावाची एक सोय आहे. कार्डाने २ सेकंदात उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, रिसेट करतं, स्क्रीन काळी होऊन परत येते आणि त्या नोंदवहीत ४१०१ नंबरची नोंद पडते. ड्रायव्हर खरंच अडकत असला तर ही नोंद सहसा सापडतेच. इथे एक पण नव्हती. पोराने मात्र कुठलातरी व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, त्या २ चे १० करून ठेवलेले. त्याने काही बरं होत नाही, कार्ड अडकलंच तर मशीन जास्त वेळ लटकून मग रिसेट होतं एवढंच.

नोंद होती ती १००० नंबरची, म्हणजे प्रोग्रामच मेला. एक्सेप्शन कोडच्या शेवटी ५, म्हणजे नको तिथल्या मेमरीत हात घातला. फॉल्टिंग मॉड्यूल, म्हणजे ज्या फाईलमध्ये मेला ती, डी३डी११ डॉट डीएलएल. ही डायरेक्टएक्स ११ ची, म्हणजे विंडोजमध्ये गेमचं चित्र काढणाऱ्या भागाची फाईल, नाव वाचलं की सगळे म्हणतात ग्राफिकचा प्रॉब्लेम, कार्ड नाहीतर ड्रायव्हर, आणि तिथेच वाचायचं थांबतात. पण खाली अजून एक ओळ असते, त्या फाईलचा पाथ. खरी फाईल सी ड्राईव्हच्या सिस्टम३२ मध्ये राहते. इथे पाथ होता डी ड्राईव्हचा, गेमच्या फोल्डरचा!

म्हणजे मोड, गेममध्ये बदल करायला बाहेरच्या कुणी बनवलेल्या फाईली. चित्र भारी दिसायला जे ग्राफिक मोड टाकतात त्यातले बरेच याच नावाची स्वतःची फाईल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवतात. गेम आधी आपल्या घरात बघतो, तिथे सापडली की तीच उचलतो, आणि मग ती मोडवाली फाईल मधे बसून सगळं काम खऱ्या फाईलकडे पाठवते, वाटेत आपले रंग मिसळते. गेम डी ला, फॉरमॅट सी ला, त्यामुळे विंडोज कितीही वेळा नवं टाका, हे भूत जागच्या जागी.

पोराला विचारलं तर म्हणे, "दादा, मोड तर वर्षभर चालतोय." खरंच होतं ते. त्याने मोड घालून गेममध्ये स्कॉर्पिओ टाकलेली, बुलेट टाकलेली, एक ट्रॅक्टर पण, आणि त्याच्या वर हा मोड, पाऊस आणि आभाळ खरं दिसायला. मी अर्धे मोड बाहेर काढले, टेस्ट, मग उरलेल्यातले अर्धे, असं करत गेलो. गाड्या निर्दोष. तो एक मोड काढला की गेम लोण्यासारखा.

इथे केस संपायला पाहिजे होती. पण वर्षभर चालला मग आता का मरतोय हे डोक्यातून जाईना. डीडीयू हे ड्रायव्हर पुसायचं टूल घेऊन विंडोजच्या सेफ मोडमध्ये ड्रायव्हर मुळापासून उडवला, जुनं व्हर्जन टाकलं, मोड परत ठेवला. चालला! नवा ड्रायव्हर, मोड नाही, तरी चालतो. नवा ड्रायव्हर आणि मोड एकत्र आले की क्रॅश. आणि तो नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटने गुपचूप आणलेला, फॉरमॅटनंतर परत आणलेला. आता दोष कुणाचा म्हणायचा? ड्रायव्हरवाले म्हणतील परक्या फाईलची जबाबदारी आमची नाही, मोडवाला फुकटात बनवतो, त्याला बोलायला आपल्याला तोंड नाही. मला अजून याचं उत्तर नीट देता येत नाही.

पोराला दोन पर्याय दिले, नवा ड्रायव्हर की मोड. क्षणात म्हणाला, मोड. जुना ड्रायव्हर ठेवला, विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर यायचे बंद केले, आणि बजावलं की ड्रायव्हरचे सिक्युरिटीचे फिक्स पण येणार नाहीत आता. त्याने मान हलवली, ऐकलं किती माहीत नाही.

काका बिल बघून म्हणाले, "भाऊ, खराब झालेला पार्ट दाखवा ना."

"काका, पार्ट खराब नव्हताच."

"मग पैसे कशाचे?"

रॅमचे दिले, चांगल्या एसएमपीएसच्या जागी नवा घेतला त्याचे दिले, हातात वस्तू आली ना. निदानाला आपल्याकडे किंमत नाही. नव्या कार्डाचं कोटेशन त्यांच्याच खिशात होतं, ते काढायला लावलं आणि माझं बिल शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे पैसे निघाले, ते पण शंभर कमी करून.

नंतर पोराचा फोन आला. नवीन गेम घेतला, तो म्हणतो ड्रायव्हर जुना आहे, अपडेट करा. मी म्हटलं मग मोड काढ. "नाही दादा, दुसरी एसएसडी लावून त्यावर वेगळं विंडोज टाकलं तर?" होईल म्हटलं, दोन विंडोज, दोन ड्रायव्हर. भाव विचारला, सांगितला. काकांना शेवटी पार्ट मिळणार एकदाचा.