उसवलेली रिबीन

मुंबई, 20 मे 1944

धुऊन वाळलेला खाकी सदरा आज संध्याकाळी अंगात घालताना छातीवरची पदकाची रिबीन जागेवर नाही, हे लक्षात आले. ती ओढून तोडलेली नव्हती. सुईच्या टोकाने एकेक टाका उसवून काढलेली होती. बायकोला विचारले, तर "पाण्यात रंग गेला असता," एवढेच म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बाळला संकोच वाटू नये म्हणून तिने ती काढली असेल काय? गांधीजी सुटून जुहूला आल्यापासून तो प्रार्थनेला जातो आणि परतल्यावर माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलत नाही. बेचाळीसच्या ऑगस्टात त्याला जे... असो. की नळावर कोणी काही बोलले? की रिबीन दिसली म्हणजे मी पुन्हा जाणार हेही दिसते, म्हणून?

कोणीतरी कौतुकाने विचारील, अशी आशा मनात धरून मी आलो होतो. नाव आफ्रिका स्टार, पण तारा अजून कोणाच्याच हाती आलेला नाही. तो लढाई संपल्यावर मिळायचा, तोवर ही सव्वा इंचाची पट्टी. मधोमध तांबडा पट्टा, एका अंगाला गडद निळी रेघ, दुसऱ्या अंगाला फिकट, आणि बाकीची जमीन वाळवंटाच्या रंगाची. मार्च 1941 मध्ये इरिट्रियातल्या केरनला आम्ही चढलो ते उघडे, खडकाळ डोंगर होते; रंग ठरवणाऱ्या साहेबाने ते पाहिले नसावेत. तिथे जे राहिले, त्यांच्या घरी ही पट्टी कोणी कुठे ठेवली असेल?

मात्र बाहीवरच्या हवालदाराच्या तीन फितींना तिने हात लावलेला नाही. त्या त्याच पाण्यात, त्याच साबणाने धुतल्या गेल्या आणि त्यांच्या रंगाची काळजी कोणालाही वाटली नाही! आधी राग आला, मग हिशेब ध्यानात आला. तिसरी फीत लागली तेव्हा मनीऑर्डर वाढली आणि गेल्या वर्षी इथे रेशन सुरू झाल्यापासून त्या वाढीवरच घर तरले आहे. फितींना पगार आहे, रिबिनीला नाही.

शिवाय 14 एप्रिलला गोदीत जहाज उडाले तेव्हा आमच्या डोंगरीच्या खोलीतल्या काचा आत कोसळल्या आणि थोरलीच्या कपाळावरचा व्रण अजून लाल आहे. मी त्या दिवशी बेळगावात नव्या पोरांकडून कवायत करून घेत होतो. असे असूनही परवा मी हिला तोफांचा आवाज कसा असतो ते सांगत बसलो आणि हिने ते ऐकूनही घेतले.

सोमवारी सुभेदारसाहेबांपुढे उभे राहताना रिबीन छातीवर असलीच पाहिजे, आणि "घरच्यांनी काढून ठेवली" हे कारण पलटणीत चालणारे नाही. माझे टाके वाकडे पडतात, म्हणून ती शिवून देण्यास हिलाच सांगावे लागेल. त्या वेळी पुन्हा रंगाची गोष्ट निघाली, तर "बरे केलेस" म्हणायचे ठरवले आहे.