हतनूरचे चक्रवाक आणि ६.५ वर अडकलेलं ॲपर्चर

पहिले दोन रविवार जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर एकाच कोड्यात गेले. कॅमेरा निकॉन पी९००, फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात २४ ते २००० मिमी झूम. मोड एम (सगळं हाताने ठरवायचं), ॲपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र २.८ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/५०० सेकंद, आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता १००. काठावरची बाभूळ छान आली. तेच सेटिंग ठेवून दूर बसलेल्या चक्रवाक बदकांवर पूर्ण झूम केला, तर फोटो पार काळपट. पाहिलं तर २.८ चं आपोआप ६.५ झालेलं. चकती कितीही फिरवली तरी आकडा त्याखाली येईना. मला वाटलं, कॅमेराच बिघडला.

घरी कागदावर मांडलं तेव्हा उलगडा झाला. ॲपर्चरचा हा एफ आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सचं नाभीय अंतर, झूमबरोबर वाढणारं) भागिले छिद्राचा व्यास. पूर्ण झूमला या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ३५७ मिमी. तिला ६.५ ने भागा, ५५ मिमी येतात. तिथेही २.८ हवं असेल तर पावणेतेरा सेंटिमीटर रुंद काच लागेल! लेन्सच्या तोंडाला फिल्टर बसतो ६७ मिमीचा. एवढी काच मावणार कुठे? म्हणजे बिघाड कसलाच नव्हता, फक्त २.८ वरून ६.५ वर येताना उजेड जवळजवळ एक पंचमांश उरतो.

दुसरं टोक एफ/८, त्यापुढे बंदच. सातपुड्याचे डोंगर टिपताना जवळचं-दूरचं सगळं स्पष्ट यावं म्हणून मी हटकून ८ वर जायचो. आता जात नाही. ६.२ बाय ४.६ मिमीच्या सेन्सरवर वाइडला २.८ ठेवलं तरी फुल फ्रेमच्या एफ/१६ इतकी डेप्थ, म्हणजे जवळपासून दूरपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, मिळते. गच्चीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं मधल्या झूमला सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर आणि ८ वर, दोन्ही प्रकारे टिपून पाहिली. ८ वर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) अक्षरांच्या कडा मऊ पडल्या होत्या. तुम्हीही एकदा करून बघाच.

त्यामुळे पक्ष्यांसाठी ॲपर्चर मी आता सगळ्यात मोठंच (म्हणजे आकडा सगळ्यात लहान) ठेवतो आणि शटर-आयएसओवर खेळतो. कोवळ्या उन्हात १/१०००, आयएसओ ४००. उजेड कमी पडला तर आधी झूम थोडा मागे घेतो, ॲपर्चरचा आकडा लगेच उतरतो. आयएसओ वाढवायचा तो त्यानंतरच.

हतनूरला जाळं आवरणारे एक काका म्हणाले, "भाऊ, ऊन चढलं का पाणी हालल्यावानी दिसतं, सकाळीच येत जा." अगदी खरं. दहानंतर २००० मिमीला हवाच थरथरते, तिथे कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. गेल्या रविवारी सव्वासातला पोचलो आणि चक्रवाकाच्या नारिंगी छातीवरचं पीसन् पीस सुटं आलं.

जळगावच्या मेहरूण तलावावरचा कवड्या धीवर, हा काळा-पांढरा खंड्या, मात्र अजून हुकतोय. तो हवेत एका जागी फडफडत थांबतो तेव्हा १/१००० ला डोळा शार्प येतो, पण पंख पुसले जातात. येत्या रविवारी १/२०००, आयएसओ ८००.