दिल्लीला जायचंय आणि मराठीचा पेपर?

मार्च आला की आमच्या दुकानात चहा प्यायला पण फुरसत नसते. कोल्हापुरात रंकाळा स्टँडच्या जवळ झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म एवढाच आपला धंदा, पण सीईटी म्हणा स्कॉलरशिप म्हणा, सगळं त्याच टायमाला येऊन पडतं आणि त्यात सर्व्हर डाऊन. सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या ॲडमिशनसाठीच्या परीक्षेचा, फॉर्म मात्र क्वचित कोण भरायला येतं. आर्ट्सची पोरं बारावी झाली की जवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालतात, विषय संपला.

2025 च्या मार्चमध्ये राधानगरीकडची एक पोरगी मामाबरोबर आली. बारावीचे पेपर चालूच होते. मामा सकाळी डेअरीला दूध घालून पहिल्या एसटीनं आलेला, त्यामुळं लवकर आटपून परत जायची घाई. पोरीच्या हातात वहीचा कागद, त्यावर लिहिलेलं : दिल्ली युनिव्हर्सिटी, इकॉनॉमिक्स ऑनर्स. खाली पाच विषय, इंग्लिश, इकॉनॉमिक्स, राज्यशास्त्र, मॅथ्स आणि जनरल टेस्ट. ओळखीच्या कुणीतरी लिहून दिलेलं.

फोटो, सही, ओटीपी झालं. विषयांचं पान आलं. मी सहज विचारलं, आर्ट्सला मॅथ्स घेतलंवतंस व्हय? तर म्हणाली, "नाही दादा, दहावीनंतर गणित सोडलंय."

आता खरी गंमत इथंच आहे. त्या वर्षी ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं नियम केलेला की बारावीला विषय असो नसो, 37 पैकी कुठलेही 5 घ्या. 13 भाषा, 23 विषय आणि एक जनरल टेस्ट. म्हणजे 319 नंबरचं मॅथ्स तिच्या फॉर्ममध्ये आरामात टिक होत होतं, लाल अक्षरात काय येत नव्हतं. मामा म्हणाले, "टिक होतंय न्हवं? मग चालतंय की."

चालत नाही ना. परीक्षा घेणारा वेगळा आणि ॲडमिशन देणारा वेगळा. मी दिल्लीवाल्यांची पीडीएफ उघडून स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. इकॉनॉमिक्स ऑनर्सला मॅथ्स कंपल्सरी, आणि वर तिथं बारावीला शिकलेल्या विषयाचेच सीयूईटीचे मार्क धरतात. म्हणजे पोरीनं दोन महिने घासून मॅथ्सचा पेपर दिला असता, पैकीच्या पैकी पडले असते, तरी तिथं उपयोग शून्य. पोरीनं ते दोनदा वाचलं. मामा म्हणाले, चल मग, जाऊया गावाकडं. ती उठली नाही. म्हणाली, मला काय काय चालतंय ते दाखवा.

मागं गिऱ्हाईक थांबलेलं, पण मी म्हटलं थांबू दे. राज्यशास्त्र ऑनर्सला एक भाषा आणि कुठलेही तीन विषय चालतात. बी.ए. प्रोग्रॅमला पण तसंच बसतं, आणि त्यात काही कॉलेजात इकॉनॉमिक्स जोडीला मिळतं. तिचे बारावीचे विषय इकॉनॉमिक्स, राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल. म्हणजे भाषा धरून चार पेपरात काम भागतंय आणि पाचवा घेतला तर तो स्पेअर, कारण जास्तीचा विषय असला की चांगले मार्क असलेले तीनच धरतात. तिनं लगेच विचारलं, "पाचवा अवघड गेला तर बाकीच्यातनं मार्क कापतात काय?" नाही कापत. प्रत्येक पेपर 50 प्रश्नांचा, 250 मार्कांचा, एक तासाचा, बरोबरला 5 आणि चुकीला वजा 1, ज्याचं त्याचं स्वतंत्र. जनरल टेस्टची तिच्या कोर्सला सक्ती नव्हती, तिनं ती स्वतःच खोडली. मामांना वाईट वाटलं, त्यांच्या मते जनरल नॉलेज कधी वाया जात नाही.

मग भाषा. मी माउस इंग्लिशवर नेला आणि ती म्हणाली, "दादा, मराठी चालत नाही काय?" खरं सांगतो, इतक्या वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. परत पीडीएफ. भाषांच्या यादीत मराठी होतं. बारावीला पण मराठी होतंच तिला. म्हणाली, "मग मी मराठीच देतो. इंग्लिशमध्ये उताऱ्यालाच माझा निम्मा वेळ जातोय."

मामा उखडले. "दिल्लीला जायचंय आन् मराठीचा पेपर? लोकं हसतील की गं!" मी म्हटलं मामा, तिथं मार्क बघतात, हसायला कोण बसलेलं नसतंय. इंग्लिश ऑनर्सला जायचं असतं तर गोष्ट वेगळी होती.

इतिहासाला मात्र मी तिला थांबवलं. सीयूईटीचा सिलॅबस एनसीईआरटीच्या बारावीचा, आणि तिथल्या इतिहासाची सुरुवातच हडप्पापासून. ती म्हणाली, "हे तर आम्हाला अकरावीला होतं, बारावीला युरोपातलं प्रबोधन आहे." झालं. म्हणजे बोर्डाचा इतिहास पाठ असून इथं नव्यानं वाचायला लागणार, ती पुस्तकं पण मराठीत नाहीत. पेपर मराठी माध्यमातनं मिळतो, पुस्तक मिळत नाही, ही एक तऱ्हाच आहे. तिनं थोडा विचार करून इतिहास स्पेअर म्हणून ठेवला.

पैशावरनं परत दोन मिनिटं गेली. त्या वर्षी तीन विषयांपर्यंत 1000 आणि पुढं प्रत्येकी 400, म्हणजे पाचाचे 1800. एका स्पेअरला 400 कशाला, असं मामांचं म्हणणं. पोरगी म्हणाली, द्या मामा, माझ्या बक्षिसाच्या पैशातनं कापा. मामांनी गप पैसे मोजले.

पावती काढताना मामांनी हळूच विचारलं, "आमचा पोरगा अकरावी कॉमर्सला हाय, त्याचं बसंल काय ह्यात?" मी म्हटलं बी.कॉम. ऑनर्सला अकाउंट्सवर पण चालतंय, पण इकॉनॉमिक्स पाहिजे असलं तर मॅथ्सच लागणार, त्याच्या जागी एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, घेतलं असलं तर नाही. मामांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात,

"आरं, तू मॅथ्स घेतलाईस का एसपी? ... एसपी? कुणाला इचारून?"