बुडुक

दुपारी जेवणं आटोपल्यावर जरा लवंडले होते. डोळा लागतोय न लागतोय तोच आवाज आला. बुडुक.

ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांना हा आवाज समजावून सांगायला नको. पक्ष्याने बाटलीच्या नळीला चोच लावली, थेंबभर पाणी ओढलं, तेवढी जागा आत रिकामी झाली आणि ती भरायला हवेचा एक बुडबुडा खालून वर पळाला. एवढंच. पण निजलेल्या घरात तो केवढा तरी मोठा ऐकू येतो, विहिरीत कुणी खडा टाकावा तसा. मी डोळे न उघडता दुसऱ्या बुडुकची वाट बघत पडून राहिले. ही माझी जुनी खोड. एक बुडुक म्हणजे चोच चुकून लागली असेल. दोन म्हणजे प्यायली. दुसरं झालं, आणि मग झोप काही आली नाही.

पिंजऱ्यात सध्या एकटी हिरवी आहे. बजी जातीची, सगळे जिला सरसकट लव्हबर्ड म्हणतात, ती. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि बजी ऑस्ट्रेलियातली, ही दुरुस्ती करणं मी कधीच सोडून दिलं आहे. वजन असेल पस्तीसेक ग्रॅम. दिवसभरात पाणी पिते जेमतेम चमचाभर, थंडीत तेवढंही नाही. चमचाभर पाण्याची ती काय मातब्बरी! पण या चमच्यापायी माझ्या किती सकाळी गेल्या आहेत त्याचा हिशोब मांडला तर घरचे हसतील. ते तसेही हसतातच.

लहानपणी आमच्याकडे पिंजऱ्याची कामं वाटून दिलेली होती. दाणे भावाकडे, पाणी माझ्याकडे. ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण तिच्यात उघड अन्याय होता. दाणे घालणं हे मानाचं काम. दाण्याचा डबा नुसता खुळखुळला तरी सगळा पिंजरा दाराशी गोळा व्हायचा, किलबिलाट व्हायचा, भाऊ राजासारखा उभा. पाणी घेऊन मी आले की कुणी मान वळवूनही बघायचं नाही. शिवाय ती काचेची बुटकी वाटी पिंजऱ्याच्या चिमुकल्या दारातून न हिंदकळता बाहेर काढायची म्हणजे हात मनगटात मोडूनच घ्यावा लागे. निम्मं पाणी तळाच्या कागदावर, कागदाचा लगदा, मग तोही बदला. म्हणून मी एक युक्ती काढली. वाटी बाहेर काढायचीच नाही. वर तरंगणारी फोलपटं बोटाने टिपायची, एखादं पीस असलं तर उचलायचं आणि गजांतून तांब्याची धार सोडून वाटी काठोकाठ भरायची. लांबून बघणाऱ्याला वाटी भरलेली. पाणी चकचकीत. "पाणी बदललंस का गं?" "हो." पूर्ण खोटंही नव्हतं ते.

आजीच्या हे किती दिवसांनी लक्षात आलं माहीत नाही. तिची परीक्षा एकच होती. वाटी रिकामी करायची आणि आतून बोट फिरवायचं. बोट करकर वाजलं तर वाटी घासलेली, बोट सटकलं तर नाही. त्या दिवशी तिचं बोट सटकलं. ती रागावली नाही. मला काही बोललीसुद्धा नाही. फक्त माझा पाणी प्यायचा पेला त्या दिवसापासून घासायच्या भांड्यांत पडेनासा झाला. मी पाणी मागितलं की ती त्याच पेल्यात, तळाशी उरलेल्या पाण्यावर, वरून भरून द्यायची. पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी काठावर ओठांचे ठसे दिसायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी पेला तोंडाला लावला आणि वास आला. फार नाही, बंद कपाटासारखा. मी आतून बोट फिरवून पाहिलं. सटकलं. आजी समोरच बसून काहीतरी निवडत होती, तिने वर बघितलंही नाही. मी उठले, पेला ठेवला आणि पिंजऱ्यातली वाटी काढायला गेले. या विषयावर आमच्यात पुढे कधीही बोलणं झालं नाही.

त्या बुळबुळीला बायोफिल्म म्हणतात हे पुष्कळ वर्षांनी समजलं. जीवाणू भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अंगाभोवती चिकट लेप तयार करून त्यात नांदायला लागतात. नुसतं विसळून तो लेप जात नाही, घासावाच लागतो. आणि न घासता वर ताजं पाणी ओतलं तर ते त्या मंडळींच्या घरात ओतलेलं पाणी. आजीला यातला एक शब्द माहीत नव्हता. तिच्या बोटाला माहीत होतं.

पण वाटी कितीही करकर वाजवली तरी तिच्यात काय पडेल ते पक्ष्याच्या हातात, म्हणजे पायात, म्हणजे खरं सांगायचं तर शेपटीखाली असतं. वाटी दांडीच्या खाली ठेवू नये हे शहाण्या माणसाला कळतं. पण पक्षी मुद्दाम तिच्या काठावर येऊन बसतो, बाहेर तोंड करून, आणि मग जे व्हायचं ते होतं. कुणी तिच्यात पालेभाजीचं पान बुडवून ठेवतो. कुणी पिण्याच्या वाटीत आंघोळ करतो आणि आंघोळीच्या वाटीतलं पाणी पितो. हिरवीला मी अंघोळीला वेगळं पसरट भांडं दिलं आहे. त्यात ती पाय टाकत नाही, काठावर उभी राहून ऐटीत तेच पिते. उकाड्याच्या दिवसांत अशा वाटीतलं पाणी सकाळचं संध्याकाळपर्यंतही नीट राहत नाही.

म्हणून बाटली. पहिली बाटली घरात आली तेव्हा मी तिच्याकडे तास-दीड तास बघत बसले असेन. उलटी टांगलेली, तोंड खाली, आणि पाणी सांडत नाही! १६४३ साली टोरिचेल्ली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्यातच उलटी धरली. पारा सगळा खाली आला नाही, शहात्तर सेंटिमीटरवर थांबला. बाहेरची हवा त्याला तोलून धरत होती. पाऱ्याऐवजी पाणी असतं तर हाच खांब दहा मीटरच्या वर गेला असता. जी हवा तीन मजले पाणी उचलून धरते तिच्यापुढे माझी वीतभर बाटली म्हणजे काय! बुडबुडा आत शिरला तरच पाणी बाहेर, आणि जेवढी हवा तेवढंच पाणी, असा हा रोखीचा व्यवहार. काही बाटल्यांच्या नळीच्या टोकाशी पोलादाची एक गोळी असते. पक्ष्याने जिभेने ती वर ढकलली की थेंब येतो, सोडली की गोळी परत बसते आणि वाट बंद. फोलपट नाही, पीस नाही, शीट नाही. मला तर आजीला जाऊन सांगावंसं वाटलं. ती तेव्हा नव्हती.

बाटलीची कौतुकं फार झाली, आता तिची गाऱ्हाणी. बाटलीत बोट जात नाही. म्हणजे आजीची परीक्षाच बाद. नळीत जाईल असा बारीक ब्रश लागतो आणि तो कायम हरवलेला असतो. उन्हात टांगली तर आतून हिरवी होते. त्यात पाण्यातून जीवनसत्त्वाचे थेंब देणारे लोक असतात. मीही काही दिवस त्यांच्यातली होते. पाणी पिवळट झालं, बाटली दुप्पट वेगाने बुळबुळीत झाली आणि पक्ष्यांनी चव आवडेना म्हणून प्यायचंच कमी केलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, पाण्यात पाणीच असावं. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी तर नकोतच, जस्त पक्ष्यांना बाधतं. बाकी व्हिनेगर, गरम पाणी, खळखळून धुणं, पूर्ण वाळवणं हे सगळे करतात किंवा करू म्हणतात.

एक विचार मात्र मला अधूनमधून छळतो. जॉन गूल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ऑस्ट्रेलियाहून जिवंत बजी इंग्लंडला नेले. आज जगभरच्या पिंजऱ्यांत जे निळे-पिवळे-पांढरे बजी आहेत त्यांच्या युरोपातल्या वास्तव्याची सुरुवात साधारण तिथली. शिडाचं जहाज, कित्येक महिन्यांचा प्रवास, चहूकडे पाणी आणि पिण्याचं मात्र पिंपातलं मोजकं. त्या पिंजऱ्याची वाटी रोज सकाळी कोण विसळत असेल? गूल्ड स्वतः? की पाण्याचं काम त्याच्याही जहाजावर कुणातरी धाकट्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि तोही गजांतून नुसती धार सोडत होता?

बजी मूळचे रखरखीत मुलखातले. पाऊस पडेल तिकडे थव्यांनी भटकतात, पाणवठ्यावर हजारोंनी उतरतात. अंगातलं पाणी जपून वापरायची कला त्यांच्यात मुरलेली आहे. पक्ष्यांच्या शिटेतला पांढरा भाग हा त्याच काटकसरीचा, मूत्र पातळ न सोडता घट्ट करून टाकण्याचा प्रकार. सगळं खरं. पण रानातल्या थव्याला आटलेला पाणवठा सोडून उडून जाता येतं.

आणि इथे तो चमच्याचा हिशोब आडवा येतो. तेव्हा पक्षी दोन होते, हिरवी आणि निळा. दोघांचे मिळून दिवसाला दोन चमचे, म्हणजे फार तर दहा मिलिलिटर. बाटली दीडशे मिलिलिटरची. दिवसाकाठी पाण्याची पातळी बोटाच्या पेराएवढीही उतरत नाही. लांबून बघणाऱ्याला बाटली भरलेली. पाणी चकचकीत.

आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो होतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्यांना दाणे दाखवले, पडदा कधी ओढायचा ते सांगितलं, बाटली दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. "पाणी आहे ना, काकू?"

"अगं, भरलेली आहे की बाटली! हातसुद्धा लावावा लागला नाही मला. तू नको काळजी करूस."

मी नाही केली. उलट बरं वाटलं. बाटली घेतली हे किती चांगलं केलं, असं मी तिथे सगळ्यांना सांगितलंही.

परत आलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. दार उघडल्याबरोबर एक आवाज कानावर आला. टिक, टिक, टिक. हिरवी नळीच्या टोकाला चोचीने ठोकत होती. निळा तळाशी कागदावर, अंग फुगवून. मी गोळी बोटाने दाबून पाहिली. जागची हलली नाही. क्षाराचा पांढरा थर धरून ती नळीच्या तोंडात घट्ट बसली होती. आगकाडीने कोचलं तेव्हा कट् करून सुटली आणि हिरवी माझ्या हातावर चढूनच प्यायली. बुडुक, बुडुक, बुडुक, मोजता येईनात इतके. निळ्याला मी चमच्याने दिलं. त्याने चोच ओली करून घेतली, एवढंच.

सकाळी तो नव्हता. आठ वर्षांचा होता. त्याचं वय झालंच होतं, असं सगळे म्हणाले, आणि झालंही होतं.

काकूंना मी गोळीचं कधी सांगितलं नाही. त्यांना काय सांगणार, फोनवर बरं वाटलं होतं ते मला. त्या मधूनमधून विचारतात, "एकटीच आहे गं बिचारी, दुसरा का नाही आणत?" मी बघू म्हणते. बाटलीशेजारी आता वाटीही असते. तिच्यात फोलपटं पडतात, शीट पडते, दिवसातून दोनदा ती घासते. बाटलीही ठेवली आहे. का, ते विचारू नका.

हे लिहिता लिहिता पुन्हा एकदा बुडुक झालं. थांबले. दुसरं काही होईना. उठून पिंजऱ्यापाशी गेले. हिरवी दांडीवर एका पायावर बसून पेंगत होती, तिने एक डोळा उघडला आणि मिटला. बाटली जवळपास भरलेली. मी नळीखाली बोट धरून गोळी वर दाबली. बोट ओलं झालं.